मधला शनिवार

आपल्या मंडळ्यांत दुःखसहनाच्या आठवड्याचा कार्यक्रम वाचून दाखवतात, तेव्हा एक गोष्ट सहसा कोणाच्या ध्यानात येत नाही. गुरुवारी रात्री प्रभुभोजन असते. पालघर-डहाणूकडील ज्या मंडळ्या ब्रदरन मिशनच्या कामातून उभ्या राहिल्या, त्यांतील जुन्या माणसांस त्या रात्रीचे पाय धुणे व प्रीतिभोजनही आठवत असेल. शुक्रवारी दुपारी वधस्तंभावरील सात उद्गारांवर उपदेश होतो. रविवारी पहाटे, कोंबडा आरवण्याच्या सुमारास, पुनरुत्थानाची उपासना असते. आणि शनिवारी? शनिवारी मंदिर झाडतात, फुले आणतात, आणि रविवारच्या चहासाठी मोठे पातेले मागावयास कोणी तरी शेजारी जातो. कार्यक्रमाच्या कागदावर ती ओळ कोरी असते.

ह्या कोऱ्या ओळीचा मीही कधी विचार केला नव्हता. पाळकांनी शुक्रवार सांगावा, पाळकांनीच रविवार सांगावा, आणि मधला दिवस आम्ही सतरंज्या झटकण्यात घालवावा, हेच मला रीतीचे वाटे. परंतु एका बाईच्या प्रश्नाने मला त्या दिवसाकडे वळून पाहावयास लावले. तो प्रश्न येथे मांडतो. कारण आपल्या भागातील पुष्कळ पाड्यांवर तो निरनिराळ्या शब्दांत विचारला जात असेल, आणि पुष्कळ उपदेशक त्याचे उत्तर मी दिले तसेच घाईने देत असतील.

बोईसरच्या पूर्वेकडील एका पाड्यावर आमची दहाबारा घरांची मंडळी आहे. तेथील एका वृद्ध भगिनीचा धाकटा मुलगा प्रथम तारापूरच्या औद्योगिक वसाहतीत कंत्राटी मजुरीस होता. ती मजुरी तुटल्यावर तो इतर मुलांबरोबर सौराष्ट्रातील एका बंदरावर खलाशी म्हणून गेला. एका हंगामात त्याची बोट परत आली नाही. मालकाच्या माणसाने एकदा सांगितले, पाकिस्तानने पकडली. दुसऱ्यांदा सांगितले, वादळ झाले होते, बुडाली असेल. पत्र आले नाही आणि देहही आला नाही. दोन वर्षे गेली. एके रविवारी उपासना आटोपल्यावर सगळे उठून गेले, तेव्हा काकी तेवढ्या बसून राहिल्या आणि मला म्हणाल्या, “मास्तर, मी देवाकडे काय मागू? तो घरी येवो असे मागू, की गेला असेल तर त्याला तुझ्याजवळ घे असे मागू? रोज रात्री दोन्ही तोंडाशी येतात आणि मी गप्प बसते.”

मी त्यांस रोमकरांस पत्राच्या आठव्या अध्यायाची आठवण दिली. जे दिसत नाही त्याची आशा धरून आपण धीराने वाट पाहतो, असे प्रेषित म्हणतो, हे समजावले. आणि प्रभू उठला आहे, म्हणून आपण आनंदी असावे, असे सांगून प्रार्थना केली. त्या म्हणाल्या, “बरं.” ते ‘बरं’ मला घरी जाताना वाटभर ऐकू येत होते. दारी आलेल्या परक्यास तांब्याभर पाणी देऊन वाटेला लावतात, तशा रीतीने त्यांनी मला वाटेला लावले होते. मी सांगितले त्यातला एकही शब्द खोटा नव्हता. तरीही मी त्यांच्या प्रश्नाला हात घातलाच नव्हता. त्या जेथे बसल्या होत्या तेथे न बसता, त्यांचा हात धरून मी त्यांस फरफटत रविवारी नेऊ पाहत होतो.

डोंगराकडच्या वाचकांस ही हकीकत नवी वाटेल, म्हणून थोडे विस्ताराने लिहितो. डहाणू, तलासरी व पालघर ह्या तालुक्यांतील कितीतरी आदिवासी तरुण गुजरातच्या बंदरांवर बोटींवर कामास जातात आणि पावसाळ्यापूर्वी घरी येतात. भारत व पाकिस्तान ह्यांच्यामधील समुद्राची हद्द सर क्रीक ह्या खाडीजवळ अजून ठरलेली नाही. आणि ठरली असती तरी पाण्यावर काही शेतासारखा बांध घालता येत नाही. मासळीच्या मागे गेलेल्या बोटी धरल्या जातात आणि खलाशी कराचीच्या तुरुंगात जातात. आपल्या देशाच्या तुरुंगांतही त्या किनाऱ्याचे कोळी असतात, आणि सिंधच्या किनाऱ्यावरही त्यांच्या आया वाट पाहत असतात, हे प्रार्थना करताना विसरू नये. २००८ साली उभय सरकारांत झालेल्या कराराप्रमाणे दर वर्षी १ जानेवारी व १ जुलै ह्या दोन दिवशी कैद्यांच्या व कोळ्यांच्या याद्या एकमेकांस दिल्या जातात. २०२३ च्या मे व जून महिन्यांत दोन तुकड्यांत जवळजवळ चारशे माणसे वाघा सीमेवरून परत आली. पण सगळेच तसे येत नाहीत. डहाणू तालुक्यातील एक खलाशी २०२४ च्या मार्च महिन्यात कराचीच्या तुरुंगात वारला, आणि त्याचा देह गावी पोहोचावयास सुमारे दीड महिना लागला. मरण झालेले आहे, पण मूठभर माती टाकता येत नाही, असे ते दिवस त्या घराने कसे काढले असतील, ह्याचा विचार करावा.

ज्यांच्याविषयी मरणाचीसुद्धा खात्री नाही, त्यांची गत ह्याहून अवघड आहे. कायद्याने ह्यास एक मर्यादा घातली आहे: सात वर्षे ज्याची काहीच वार्ता लागली नाही, तो मेला असे कोर्टाने धरून चालावे. कारभार चालावयास कोठे तरी रेघ ओढावी लागते, म्हणून कायद्यास मी नावे ठेवीत नाही. पण सात वर्षे पुरी झाली त्या सकाळी आईच्या मनात काय बदलते?

आता त्या पहिल्या शनिवाराकडे वळू. शुभवर्तमानांत त्याविषयी फारच थोडे लिहिले आहे, पण जे लिहिले आहे ते वाचण्यासारखे आहे. मार्काच्या पंधराव्या अध्यायाच्या शेवटी दोन मरीया प्रभूला कोठे ठेवतात ते पाहत होत्या, असे सांगितले आहे. लूकाच्या तेविसाव्या अध्यायाच्या शेवटी, त्यांनी परत जाऊन सुगंधी द्रव्ये व तेले सिद्ध केली आणि आज्ञेप्रमाणे शब्बाथ दिवशी विसावा घेतला, असे आहे. बस, इतकेच. त्या स्त्रियांनी त्या दिवशी पुनरुत्थानाची वाट पाहिली, असे कोठेही लिहिलेले नाही. उलट त्यांची तयारी प्रेताची होती. जिवंत होऊन येणाऱ्यासाठी कोणी प्रेताची द्रव्ये कुटून ठेवीत नाही. अम्माऊसच्या वाटेवरचे दोघे तर आपल्या आशेविषयी भूतकाळात बोलले. आम्हांला आशा होती, असे ते म्हणाले, आहे असे म्हणाले नाहीत. आणि विशेष चमत्कार असा की, तिसऱ्या दिवसाचे प्रभूचे बोलणे त्या शनिवारी ज्यांस आठवले ते शिष्य नव्हते; ते मुख्य याजक व परूशी होते. मत्तय सांगतो की त्यांनीच पिलाताकडे जाऊन ती आठवण दिली आणि कबरेवर पहारा बसवला. शत्रूंच्या स्मरणात वचन होते. मित्रांच्या मनात काहीच उरले नव्हते.

हे वाचून मला आधी लाज वाटली व मग धीर आला. लाज ह्याची, की मी काकींकडून जे मागितले ते मग्दालीया मरीयेलाही त्या शनिवारी साधले नव्हते. आणि धीर ह्याचा, की देवाने त्या स्त्रियांस त्याबद्दल बोल लावला नाही. ज्यांच्या मनात आशा नव्हती, पण ज्यांच्या हातांत सुगंधी द्रव्ये होती, त्यांच्याकडेच पहिली बातमी आली. आपण उपदेशक लोक आशा म्हणजे एक प्रकारचा उल्हास समजतो. चेहरा फुललेला दिसला म्हणजे विश्वास दृढ आहे असे लिहून घेतो. त्या शनिवारी आशा कोणाच्या चेहऱ्यावर नव्हती. ती देवाजवळ होती. माणसांजवळ प्रीती होती, आणि तीही गप्प राहून काम करणारी.

प्रेषितांच्या विश्वासांगीकारात आपण दर रविवारी म्हणतो त्यात मरणे आणि उठणे ह्यांच्या मध्ये पुरले जाण्याचा उल्लेख निराळा केलेला आहे. पौलानेही करिंथकरांस लिहिताना तो वगळला नाही. घाई असती तर हा शब्द सहज गाळता आला असता. देवाला सामर्थ्य कमी नव्हते; वधस्तंभावरून उतरताच तो पुत्राला उठवू शकला असता, आणि मग आपल्या उपासनांचे काम पुष्कळ सोपे झाले असते. पण मधला एक अख्खा दिवस त्याने तसाच राहू दिला. त्या दिवशी आभाळातून वाणी झाली नाही, देवदूत दिसला नाही, धोंडा हलला नाही. सर्वांस हवा तो चमत्कार झाला नाही म्हणून तो दिवस देवाच्या हातून सुटला होता, असे कोणता ख्रिस्ती मनुष्य म्हणेल? तर मग काकींची दोन वर्षे त्याच्या हातून सुटली आहेत, असे तरी आपण मनात का आणतो?

पण काकींचा प्रश्न एवढ्याने सुटत नाही, हे मला ठाऊक आहे. मरीयेला निदान धोंडा दिसत होता. प्रभू मेला ह्यात तिला संशय नव्हता. काकींस ते पण नाही. पवित्र शास्त्रात अशा कोणाची गोष्ट आहे का, म्हणून मी शोधू लागलो, आणि उत्पत्तीच्या सदतिसाव्या अध्यायाशी थांबलो. याकोबापुढे रक्ताने माखलेला झगा आणून ठेवला. त्याने तो ओळखला आणि निकाल केला की श्वापदाने मुलाला खाल्ले. मुलेमुली त्याचे सांत्वन करावयास उठली. त्याने सांत्वन घेतले नाही. आपण लहानपणापासून ही गोष्ट योसेफाच्या बाजूने ऐकतो. बापाच्या बाजूने ऐकून पाहावी. ज्याच्यासाठी तो गोणताट नेसून बसला, तो परदेशात जिवंत होता, आणि त्यातली काही वर्षे तुरुंगात होता. योसेफ सतरा वर्षांचा होता. पुढे फारोसमोर उभा राहिला तेव्हा तीस. त्यानंतर सुकाळाची सात वर्षे व दुष्काळाची दोन. म्हणजे बापाला बावीसेक वर्षांनी खरे कळले. झग्याचे रक्त खरे होते, पण ते बकऱ्याचे होते. आणि सांत्वन करणाऱ्यांत झगा बुडवून आणणारेच बसले होते!

ह्याच्या उलट दावीद. त्याचे मूल आजारी होते तोवर तो उपाशी राहून जमिनीवर पडून होता. मूल मेल्याचे कळले तेव्हा उठला, न्हाला, देवाच्या मंदिरी गेला व जेवला. चाकरांस नवल वाटले. त्याच्या उत्तराचा आशय असा की, जगत होते तोवर मागणे माझे काम होते; आता ते माझ्याकडे येणार नाही, मी त्याच्याकडे जाईन. दाविदाला खात्री होती आणि ती खरी होती. याकोबालाही खात्री होती आणि ती खोटी होती. काकींजवळ दोन्ही नाहीत. असे असता त्यांनी कोणती तरी एक खात्री उचलावी, असा आग्रह आपण का धरावा? मुलगा गेला असे आज म्हणून टाका, म्हणजे मन मोकळे होईल, असे त्यांस शेजारी सांगतात. तो नक्की येईल, मला स्वप्न पडले, असे दुसरे सांगतात. ह्या दुसऱ्यांची मला अधिक भीती वाटते. कारण ते प्रभूचे नाव घेऊन सांगतात. जे वचन प्रभूने दिलेले नाही ते त्याच्या नावावर देणे म्हणजे दुसऱ्याच्या नावे खोटी चिठ्ठी लिहून देणे होय, आणि ती चिठ्ठी घेऊन ती म्हातारी पुढे देवाच्याच दारी जाणार आहे.

आशा दोन प्रकारची आहे, असे मला आता वाटते, आणि ह्या दोन एकमेकींत कालवल्या की दोन्ही नासतात. एक आशा मागण्याची: मुलगा जिवंत असो, बोट बंदराला लागो, तुरुंगाचे दार उघडो. ही धरण्याची मोकळीक आहे; गेथशेमानेत प्रभूनेही मागितले, आणि ते त्याला मिळाले नाही. दुसरी आशा वचनाची: मेलेले उठतील, आणि समुद्र आपल्यातील मृतांस परत देईल, असे प्रकटीकरणाच्या विसाव्या अध्यायात आहे. खलाश्यांच्या आयांस ही ओळ वाचून दाखवली पाहिजे, कारण ती जणू त्यांच्यासाठीच लिहिलेली आहे. पहिली आशा फळली नाही तरी दुसरी उणी होत नाही. आणि दुसरी पक्की आहे म्हणून पहिली सोडून द्यावी, असेही नाही. बेथानीस मार्था दुसरी आशा चांगली पाठ करून होती. आपला भाऊ शेवटल्या दिवशी उठेल, हे तिने प्रभूला सांगितले. तरी प्रभू त्या पाठावर थांबला नाही. काय होणार आहे हे त्याला माहीत होते. तरीही तो कबरेपाशी रडला. ज्याला लाजरसाचा रविवार अर्ध्या घटकेवर दिसत होता, त्याने शनिवारचे अश्रू वाया समजले नाहीत.

म्हणून, रात्री दोन्ही प्रार्थना तोंडाशी येतात तर दोन्ही कराव्या. देवाला त्यांतील कोणती लागू आहे ते ठाऊक आहे. कोणती तरी एकच निवडली पाहिजे, हा भार त्याने आईवर टाकलेला नाही.

येथे एक नाजूक गोष्ट आहे. ती टाळून पुढे जाणे प्रामाणिकपणाचे होणार नाही. तो मुलगा बाप्तिस्मा घेतलेला नव्हता. आमच्या पाड्यांवरील निम्म्या घरांची हीच स्थिती आहे: आई मंडळीत, मुलगा कधी येई कधी न येई. ‘त्याला तुझ्याजवळ घे’ असे म्हणण्याचा हक्क मला आहे का, हे काकींच्या प्रश्नाच्या पोटात होते, आणि मी ते ओळखले नाही. मी ह्यावर सिद्धांत लिहीत नाही; ते माझे काम नव्हे. आईला मागण्याचा हक्क आहे, एवढे मात्र मी म्हणतो. न्याय कोणाच्या हाती आहे ते विश्वासांगीकारात स्पष्ट आहे, आणि त्या ओळीत उपदेशकाचे नाव नाही.

पाड्यावर ह्याहून लहान, पण रोजचे प्रश्नही निघाले. सुनेने बांगड्या ठेवाव्या की काढाव्या? भाच्याच्या लग्नात काकींनी जेवावे की नाही, आणि जेवताना हसल्या तर लोक काय म्हणतील? ही क्षुल्लक कुजबूज नव्हे. ह्यांनीच घर मोडते. मला शब्बाथाची ती ओळ येथे फार मोलाची वाटते. प्रभू कबरेत असताना त्या स्त्रियांनी विसावा घेतला. दुःख संपले म्हणून नव्हे. आज्ञा होती म्हणून. ज्याने सगळ्यांस विसाव्याचा दिवस दिला त्याने तो शोक करणाऱ्यांकडून काढून घेतलेला नाही. काकींनी जेवावे, निजावे, लग्नात गाणे चालले असता टाळी वाजवावी. त्याने मुलाशी बेइमानी होत नाही. आणि बांगड्यांचा निकाल मंडळीने देऊ नये. सून तिला वाटेल ते करील, आणि मंडळीच्या बायकांनी तिच्या हातांकडे पाहण्यापेक्षा तिच्या चुलीकडे पाहावे.

तथापि, वाट पाहणे म्हणजे हात जोडून स्वस्थ बसणे, असा अर्थ कोणी करू नये. तारापूरच्या अणुवीजकेंद्राचे उदाहरण आपल्या डोळ्यांपुढे आहे. ते १९६९ साली सुरू झाले. पुढे तिसऱ्या व चौथ्या संचांसाठी पोफरण व अक्करपट्टी ही गावे उठली, आणि ते संच २००५ व २००६ साली चालू झाले. त्या गावकऱ्यांनी जागेसाठी, कामासाठी, ठरलेल्या सोयींसाठी कचेऱ्यांत व कोर्टांत वर्षानुवर्षे खेटे घातले. त्यांस कोणी उपदेशकाने जाऊन सांगावे की धीर धरा, स्वर्गात पुष्कळ घरे आहेत, तर त्याने शास्त्राचा उपयोग गावकऱ्यांच्या तोंडावर हात ठेवण्यासाठी केला, असे मी म्हणेन. देवाने ठेवलेला शनिवार आणि माणसांनी केलेली दिरंगाई ह्या एक नव्हेत. पहिल्या शनिवाराच्या आदल्या संध्याकाळीच अरिमथाईकर योसेफ धैर्य करून पिलाताकडे गेला आणि त्याने देह मागितला. शिष्य दडून बसले होते. पण ज्याला कचेरीची वाट ठाऊक होती, त्याने ती वाट धरली. त्याने तसे केले नसते तर मरीयेला पाहावयास कबर तरी कोठे असती?

आपल्या मंडळ्यांत असे योसेफ थोडे आहेत, परंतु आहेत. ज्यास लिहितावाचता येते त्याने अर्ज लिहावा, बोटीचे नाव व क्रमांक मिळवावा, हरवल्याची नोंद पोलिसांत झाली आहे की नाही ते पाहावे. पूर्वी ह्या कामासाठी ठाण्यास जावे लागे. १ ऑगस्ट २०१४ पासून जिल्हा निराळा झाला आणि कचेरी पालघरास आली, ही सोय लहान नाही. तीन आठवड्यांच्या उपदेशाने जे सांत्वन होत नाही ते कधीकधी एका पोचपावतीच्या शिक्क्याने होते. ह्यास कोणी ऐहिक काम म्हणेल. मी त्यास प्रेताची द्रव्ये कुटण्याच्या जातीचे काम म्हणतो.

शौलाची उपपत्नी रिस्पा हिची गोष्ट आपण उपासनेत क्वचितच वाचतो. ती दुसऱ्या शमुवेलाच्या एकविसाव्या अध्यायात आहे. तिचे दोन मुलगे राजकारणात मारले गेले आणि त्यांची प्रेते डोंगरावर उघडी ठेवली गेली. ती खडकावर गोणताट पसरून बसली, आणि जवाच्या कापणीच्या आरंभापासून आभाळातून पाऊस पडेपर्यंत तिने दिवसा पाखरांस व रात्री श्वापदांस प्रेतांजवळ येऊ दिले नाही. ती एक शब्दही बोलल्याचे लिहिलेले नाही. पण तिने केले ते दाविदाच्या कानी गेले, आणि राजाने त्यांच्या अस्थी गोळा करविल्या. शौल व योनाथान ह्यांच्याही अस्थी तेव्हाच आणवून त्यांच्या कुळाच्या थडग्यात पुरल्या. एका बाईच्या गप्प बसून राहण्याने राजाला आपले राहिलेले कर्तव्य आठवले.

पंडिता रमाबाईंचे चरित्र आपल्या घरोघरी ठाऊक आहे. तरी त्यांच्या शेवटल्या महिन्यांकडे आपण पुरेसे पाहत नाही. आईबाप १८७४ साली गेले, भाऊ १८८० साली, पती १८८२ साली. उरली ती मनोरमा, आणि केडगावच्या मुक्तिसदनाचा सारा भार पुढे तिने घ्यावा, अशी योजना होती. २४ जुलै १९२१ रोजी मनोरमाबाई आईच्या आधी गेल्या. रमाबाई त्यानंतर साडेआठ महिने जगल्या आणि ५ एप्रिल १९२२ रोजी प्रभूकडे गेल्या. त्या वर्षीचा पुनरुत्थानाचा रविवार १६ एप्रिलला होता. त्या साडेआठ महिन्यांत त्यांच्यापुढे होते ते काम म्हणजे खेड्यांतील बायांस कळेल अशा सोप्या मराठीत पवित्र शास्त्र उतरवण्याचे. ते संपूर्ण शास्त्र १९२४ साली छापून निघाले. त्यांनी ते बांधलेले पुस्तक पाहिले नाही. त्यांस त्या महिन्यांत काय वाटत होते ते मी सांगू शकत नाही, आणि विश्वासामुळे त्यांस दुःख झालेच नाही, असे सांगणाऱ्यांवर माझा विश्वास नाही. लेक गेली, आणि दुसऱ्यांच्या लेकींसाठी अक्षरे जुळवण्याचे काम चालू राहिले, एवढे आपणांस दिसते.

आपल्याकडे तो शनिवार राबाच्या दिवसांत येतो. शेताच्या एका तुकड्यावर शेण, पालापाचोळा व छाटलेल्या फांद्या पसरून माणसे ती जाळतात, आणि मग तो तुकडा काळा होऊन पडतो. त्यात अजून बीही पडलेले नसते. गव्हाच्या दाण्याचा दृष्टांत आपण नेहमी सांगतो, आणि तो खराच आहे. पण राब भाजून झाल्यावर व पेरणी होण्यापूर्वी जे आठवडे असतात, त्यांवर मी कधी उपदेश ऐकला नाही. परक्या माणसाने पाहिले तर शेत जळून गेले असे तो म्हणेल. आपल्या शेतकऱ्यास कोणी विचारले की येथे काय आहे, तर तो ‘भात आहे’ असे म्हणत नाही आणि ‘काही नाही’ असेही म्हणत नाही. ‘राब आहे’ म्हणतो.

त्या वर्षीच्या शनिवारी मी पाड्यावर गेलो. उपदेश केला नाही. काकी मंदिर सारवीत होत्या. मी पाणी आणून दिले. मग दोघांनी बसून मुलाचे नाव, वय, बोटीचा क्रमांक, निघाल्याची तारीख ही सगळी एका कागदावर लिहिली. तारीख त्यांस आठवत नव्हती, पण ‘भात झोडून झाले त्याच्या पुढच्या बाजारी’ एवढे पक्के आठवत होते, त्यावरून काढली. शेवटी त्यांनी दोन्ही प्रार्थना मोठ्याने केल्या, आधी एक, मग दुसरी. मी आमेन म्हटले.

जुलैत, याद्या दिल्याघेतल्याचे वर्तमान आल्यावर, आम्ही पालघरास गेलो. पाऊस धरून होता आणि आवणी चालू होती. एक दिवसाची मजुरी बुडवून काकी आल्या होत्या. कचेरीतील कारकुनाने अर्जाची पोच दिली. नावाविषयी मात्र काही कळले नाही. पायऱ्या उतरताना त्यांनी विचारले, “आता पुढली यादी कधी?” मी म्हणालो, १ जानेवारीस. त्यांनी बोटांवर मोजून पाहिले, आणि तोवर भात घरात आलेले असेल, असे म्हणाल्या. बोईसरला उतरल्यावर पाड्याकडची गाडी लागलेली होती. दुपारनंतर अर्धा दिवस तरी आवणीस जाता येईल म्हणून त्या घाईघाईने तिच्याकडे गेल्या.